श्रीरामपूर ते श्रीरामपूर: पाळकाच्या घराची बदली

आमच्या ओळखीतल्या दोन पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, कुटुंबांचं यंदा परराज्यात जायचं घाटतंय. दोघींचेही फोन येऊन गेले. "सामान कसं नेलंत?", "मुलांच्या शाळेचं काय केलंत?" आणि मग आवाज जरा खाली आणून, "पगार मधे थांबतो का हो?" फोनवर निम्मं सांगायचं राहूनच जातं. म्हणून गेल्या वर्षीचं सगळं इथे लिहून ठेवते.

आमचं थोडक्यात असं. हे बरीच वर्षं नगर जिल्ह्यात पाळक, शेवटची नेमणूक श्रीरामपूरची. मी तिथल्याच एका शाळेत बालवाडीला शिकवायचे. मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत. २०२५ च्या जानेवारीत यांना पश्चिम बंगालमधून विचारणा झाली. गाव तेही श्रीरामपूरच, पण हुगळी जिल्ह्यातलं. आपल्या जुन्या पुस्तकांत ज्याला सेरामपूर म्हणतात ते. काम दुहेरी: हिंदी-इंग्रजी उपासना असलेल्या एका मंडळीचं (म्हणजे चर्चच्या सभासदांचं) पाळकपद, आणि आठवड्याचे काही तास धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ग्रीक शिकवायची.

यांचा जीव तिथे गुंतणारच होता. ईस्ट इंडिया कंपनी मिशनऱ्यांना आपल्या हद्दीत थारा देत नव्हती तेव्हा, १८०० साली, विल्यम केरी या डॅनिश वसाहतीत येऊन राहिले आणि छापखाना घातला. पंडित वैजनाथांच्या मदतीने त्यांनी मराठीचं व्याकरण केलं (१८०५), मोडी लिपीत छापलेला कोश केला (१८१०), आणि १८११ मध्ये बायबलचा मराठी नवा करार छापून निघाला तो इथेच. ही गोष्ट यांच्या उपदेशात वर्षातून एकदा तरी यायचीच. मंडळीतली मुलं पुढची वाक्यं आधीच पुटपुटायची. तेव्हा नाही म्हणायचा प्रश्न यांच्यापुढे नव्हताच. तो माझ्यापुढे होता. सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या, माझी नोकरी जाणार आणि मुलीचं नववीचं वर्ष.

फेब्रुवारीत पत्र आलं. सेवेबद्दल एक पान भरून मजकूर होता आणि राहण्याबद्दल एवढंच, की योग्य ती सोय केली जाईल. मी वहीत प्रश्न काढले. क्वार्टर कितव्या मजल्यावर? खोल्या किती? पाणी चोवीस तास की ठरावीक वेळ? वीजबिल कोण भरणार? सामानाचा खर्च कोणाचा, आणि तो आधी मिळणार की बिलं दाखवल्यावर? पहिला पगार कोणत्या तारखेला? हे वही बघून म्हणाले, "अगं, देवाचं बोलावणं आहे. असे हिशेब कसे विचारायचे?"

मी म्हटलं, "बोलावणं देवाचं आहे, पत्र कमिटीचं आहे. कमिटीला विचारा."

विचारलं. आठवड्याभरात मुद्देसूद उत्तर आलं, कोणी रागावलं नाही. दुसरा मजला, दोन खोल्या आणि हॉल, पाणी सकाळ-संध्याकाळ, वीजबिल आमचं, सामानासाठी चाळीस हजारांपर्यंत, पण पक्की बिलं दाखवल्यावर. तिथल्या सेक्रेटरींनी शेवटी लिहिलं होतं की हे आधी विचारलंत ते बरं झालं, पुष्कळ जण येऊन मग नाराज होतात. पाळकिणींनो, हे प्रश्न तुम्हीच काढा. घर तुम्हाला चालवायचं आहे.

कागदपत्रांचं सांगते. आम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. १९७० मध्ये नागपुरात हे चर्च स्थापन झालं तेव्हा नगरकडच्या जुन्या मराठी मिशनच्या मंडळ्याही त्यातच आल्या. बंगालमध्येही तेच चर्च, त्यामुळे यांची दीक्षा तिथे चालते. पण डायसिस, म्हणजे बिशपांच्या हाताखालचा विभाग, बदलते, आणि प्रत्येक डायसिसचा कारभार वेगळा. जुन्या बिशपसाहेबांकडून बिनहरकत पत्र, सेवेचा दाखला आणि कार्यमुक्तीचं पत्र, असे तीन कागद लागले. विनंती मार्चच्या सुरुवातीला दिली, कार्यकारिणीची बैठक एप्रिलमध्ये झाली, पत्रं हातात पडायला मे उजाडला. बैठकीची तारीख आधी विचारून ठेवा; ती हुकली की पुढच्या बैठकीपर्यंत काही हलत नाही. फंडाचा अर्जही निघायच्या आधीच द्या आणि पोच घ्या. आमचा हिशेब दिवाळीनंतर निघाला.

शाळेचं काम मात्र सगळ्यात किचकट. आपल्याकडे परीक्षा एप्रिलअखेर संपल्या आणि निकाल १ मेला लागला. तिकडच्या आयसीएसई शाळेचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालेलं. प्रवेश परीक्षा जूनमध्ये आल्यावर घेऊ, असं त्या शाळेने ईमेलवर मान्य केलं. तोंडी नको, लेखीच घ्या. फी एप्रिलपासूनची भरावी लागली. त्यावर मी वाद घालून पाहिला, उपयोग झाला नाही.

शाळा सोडल्याचा दाखला इंग्रजीत मागा. परराज्यात जायचं असेल तर त्यावर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते, म्हणजे नगरला जाणं आलं. मूळ दाखला, दोन झेरॉक्स, शाळेचं पत्र आणि शाळेचा शिक्का असलेली गुणपत्रिका घेऊन जा. याहून महत्त्वाची गोष्ट कोणी सांगत नाही. यू-डायस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर जुन्या शाळेने मुलाला 'सोडलं' असं दाखवावं लागतं, तरच नवी शाळा त्याचं नाव आपल्याकडे ओढून घेऊ शकते. मुलाचा पेन नंबर (त्या पोर्टलवरचा त्याचा कायमचा क्रमांक) लिहून घ्या आणि क्लार्ककाकांच्या शेजारी उभं राहून ते बटण दाबून घ्या. मे महिन्याच्या सुट्टीत शाळेत कोणी नसतं. आणि मूल नववी उत्तीर्ण होऊन दहावीत जाणार असेल तर बदली शक्यतो पुढे ढकला, कारण दहावीत बोर्ड बदलायला वेगळी परवानगी लागते. आमची लेक नववीत जात होती म्हणून निभावलं.

तिने त्या दोन महिन्यांत माझ्याशी नीट बोलणं टाकलं होतं. भांडली असती तर बरं वाटलं असतं. विचारलं की "ठीक आहे" एवढंच. एकदा मी कपाट आवरत होते तेव्हा दारात येऊन म्हणाली, "पप्पांना बोलावणं आलं. मला कुठे आलंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि बायबलमधलं एखादं वचन फेकून तिला गप्प करायचं माझ्या जिवावर आलं. तिच्या मैत्रिणीला आम्ही दिवाळीत बंगालला बोलवायचं कबूल केलं. तेवढ्यावर तिने स्वतःची पुस्तकं बांधायला घेतली.

आता सामान. गूगलवर सापडलेल्या पहिल्याच पॅकर्सवाल्याला फोन लावला. "कुठून कुठे?" "श्रीरामपूर ते श्रीरामपूर." तो खूश होऊन म्हणाला, "लोकल शिफ्टिंग आहे मॅडम, नऊ हजारात करून देतो." पुढचं ऐकल्यावर पंचाण्णववर गेला. अशी दरपत्रकं जमवली. दुसऱ्यांच्या सामानासोबत एकाच गाडीत नेणार असाल तर पन्नास हजारांच्या आसपास, पण गाडी कधी पोचेल ते सांगत नाहीत, आणि रायपूर की नागपूरला सामान एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढतं. आम्ही स्वतंत्र छोटा ट्रक केला, ब्याऐंशी हजार, विमा वेगळा. विमा जाहीर केलेल्या किमतीच्या टक्केवारीने घेतात. त्यांची वस्तूंची यादी स्वतः वाचा, कारण धडधाकट कपाटापुढेही 'ओरखडे' लिहून ठेवतात. एकाने ई-वे बिलाचे दीड हजार मागितले. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. हे ठामपणे सांगितलं की तो विषय संपतो.

नव्या घराची गल्ली किती रुंद आहे तेही विचारा. हुगळीकाठच्या जुन्या गावांत ट्रक आत शिरत नाही. आमचं सामान मोठ्या रस्त्यावर उतरवून छोट्या टेम्पोने दोन खेपांत आत नेलं, त्याचे साडेतीन हजार आणि जिन्याची हमाली वेगळी.

पुस्तकांचं ओझं ट्रकने न्यायचं म्हणजे किलोमागे पैसे. त्याच सुमारास, १ मे २०२५ पासून, टपाल खात्याने ज्ञान पोस्ट सुरू केलं होतं. शैक्षणिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकं या सेवेने पाठवता येतात. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर, वर कर. जमिनीवरून जातं म्हणून वेळ लागतो, पण ट्रॅकिंग असतं. आमच्या पोस्टात योजना इतकी नवी की काउंटरवरच्या ताईंनी परिपत्रक छापून घेतलं, माझ्यासमोर बसून वाचलं आणि म्हणाल्या, "बाई, तुमच्यामुळे मीपण शिकले." पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं, आणि नियतकालिकं चालत नाहीत. त्यामुळे बायबलवरचे टीकाग्रंथ, ग्रीक कोश, उपदेशांची पुस्तकं पोस्टाने गेली आणि 'ज्ञानोदय'चे बांधीव जुने अंक ट्रकमध्ये, गादीत गुंडाळून. एकूण सात हजारांच्या आत काम झालं. पत्त्यात नुसतं श्रीरामपूर लिहू नका. जिल्हा हुगळी, पश्चिम बंगाल आणि ७१२२०१ हा पिन ठळक लिहा, नाहीतर पार्सल फिरून ४१३७०९ ला परत.

पाळकगृह रिकामं करणं हा वेगळाच प्रकार. घरातल्या निम्म्या वस्तू मंडळीच्या. सहा वर्षांत कोणता पंखा कोणी दिला, हे कोणाला आठवतंय? मी खडूने खुणा केल्या, मंडळीच्या वस्तूवर 'मं', आमच्या वस्तूवर 'घ'. एका संध्याकाळी पंच आणि खजिनदार आले आणि वही घेऊन खोलीखोलीतून फिरले. प्रभुभोजनाचा प्याला, ताट, छोटे ग्लास मोजून झाले, हार्मोनियमचे सूर वाजवून पाहिले. दिवाणखान्यातल्या लाकडी खुर्चीपाशी मात्र सगळे थांबले. माझ्या वडिलांनी दिलेली, मी 'घ' लिहिलेलं. एक ज्येष्ठ पंच म्हणाले, "ही तर मंडळीची. मी इथे बसून लहानपणी बोलणी खाल्लीत." शेवटी खुर्ची उलटी केली. खाली मंडळीचं नाव आणि १९७८ साल रंगवलेलं! वडिलांनी दिलेली खुर्ची माडीवर निघाली. चहा झाला, हसून सगळे घरी गेले.

नोंदवह्यांचा कारभार यांनी स्वतः केला. बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न, दफन, चारही वह्यांचं शेवटचं पान नव्या पाळकांसमोर भरून, तारीख घालून, दोघांच्या सह्या. लग्नाच्या नोंदवहीला १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याचा आधार आहे. वर्षांनंतर कोणाला पासपोर्टसाठी उतारा लागला तर तो त्याच वहीतून निघतो, म्हणून एकही ओळ अर्धवट सोडायची नाही, हा यांचा नेम. दफनभूमीच्या फाटकाची किल्ली सगळ्यात शेवटी दिली.

निरोप समारंभ १८ मेला, रविवारी. महिला मंडळाने साडी दिली, तरुण संघाने फोटोफ्रेम, आणि जेवणाला बुंदी. लोक रडतात, आपणही रडतो, पण त्या आठवड्यात हाताशी अजून शंभर कामं असतात. पाकिटातून आलेले पैसे लगेच एका जागी ठेवा, पहिल्या महिन्यात तेच कामाला येतात.

बारीकसारीक कामं भराभर सांगते. गॅस दुसऱ्या गावी नेता येत नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्यायचं. अनामत जुन्या दराने परत मिळते (आमचे चौदाशे पन्नास) आणि नव्या गावी आजच्या दराने भरावी लागते, सिलिंडरचे बावीसशे, रेग्युलेटरचे अडीचशे. मूळ कार्ड शोधून ठेवा. दुचाकी न्यायची तर आरटीओचं ना-हरकत पत्र, आणि वर्षाच्या आत तिकडची नोंदणी व कर. आमची गाडी अकरा वर्षांची, निघण्याआधीच विकली. रेल्वेचं आरक्षण आता साठच दिवस आधी खुलतं, त्या सकाळी आठला बसा.

गेल्या वर्षी मे महिन्यातच पावसाने धुमाकूळ घातला होता. २२ मेला ट्रक भरायला घेतला आणि धो धो पाऊस. हमालांनी ताडपत्री धरली, मी गाद्यांना प्लास्टिक गुंडाळत होते आणि सासूबाई ओट्यावर बसून कुरडयांचे डबे मोजत होत्या. त्या राहुरीला दिरांकडे राहणार, हे आधीच ठरलं होतं. जाताना म्हणाल्या, "सूनबाई, तिकडे भाकरी मिळत नाही म्हणतात. बाजरीचं पीठ नको, बाजरीच ने. पीठ कडू होतं." दहा किलो बाजरी ट्रकमध्ये चढली.

२४ मेला रात्री नगरहून आझाद हिंद एक्स्प्रेस पकडली. मुलगा नागपूर येईपर्यंत उत्साहात, मग बिलासपूरपर्यंत झोप, मग "अजून किती?" सुरू. तिसऱ्या दिवशी पहाटे हावडा. तिथून लोकलने अर्ध्या-पाऊण तासात श्रीरामपूर. आपल्याकडच्या श्रीरामपूरच्या स्टेशनचं नाव बेलापूर; इथल्या स्टेशनावर मात्र पाटीवर बंगालीत श्रीरामपूरच. मुलीने पाटीचा फोटो काढून मैत्रिणीला पाठवला आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने हसली.

सामान येईपर्यंत आम्ही चटईवर. हे दुसऱ्याच दिवशी केरींची कबर आणि ग्रंथालय बघायला निघाले. मला आधी स्वयंपाकघराच्या नळाला किती वाजता पाणी येतं ते बघायचं होतं. सामान ३१ मेला पोचलं. एक काच फुटली, कपाटाचा एक पाय निखळला, बाकी ठीक. उतरवताना फोटो काढा आणि पावतीवर नुकसान लिहूनच सही करा. आमचे विम्याचे अठराशे रुपये त्यामुळेच आले.

१ जूनला पहिली उपासना. चर्चमधल्या बायका मला "बौदी", म्हणजे वहिनी, म्हणायला लागल्या. मी त्यांना काय म्हणायचं ते कळेपर्यंत सगळ्यांना "ताई" म्हणत होते. त्यांना ते आवडलं. आठवड्यात कोणी ना कोणी माशाचं कालवण घेऊन यायचं. मोहरीच्या तेलाचा वास मुलाला सुरुवातीला सहन होत नव्हता, दुर्गापूजेच्या सुट्टीपर्यंत तो तेच मागायला लागला. घरी मराठी गायनाची वही अजून उघडते, पण चर्चमध्ये सूर बदलले की आमची जीभ अडखळते.

पैशाचं, जे सगळ्यांना हळू आवाजात विचारायचं असतं. जुन्या नेमणुकीचा शेवटचा पगार मेचा, इकडचा पहिला जुलैच्या मध्यावर, कारण खातं उघडून मंजुरी व्हायला वेळ गेला. सामानाचे चाळीस हजार बिलं दिल्यावर ऑगस्टमध्ये आले. दोन्ही मुलांची प्रवेश फी, गणवेश, पुस्तकं मिळून सत्तर हजारांच्या घरात गेली. तेव्हा किमान तीन महिन्यांचा घरखर्च आणि शाळेचा पहिला हप्ता हाताशी असल्याशिवाय निघू नका. माझं काम गेलं ते गेलंच. सध्या घरी काही मुलांच्या शिकवण्या घेते. बंगाली अक्षरं मुलाकडून शिकले, दुकानांच्या पाट्या वाचता येतात. मुलगा शाळेत तिसरी भाषा म्हणून बंगाली शिकतो. मुलीने हिंदी घेतली. विज्ञानाचे तीन वेगळे पेपर तिला जड गेले, पहिल्या सहामाहीत रडली, आता सावरलीय.

आधारवरचा पत्ता आणि मतदार यादीचा आठ नंबरचा फॉर्म ही कामं क्वार्टरचं पत्र हातात पडल्या पडल्या करून टाका. मराठी ऐकायची हौस असेल तर कोलकात्यात हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे, तिथल्या गणपतीला आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो, पाळक म्हणून कोणी भुवया उंचावल्या नाहीत. सासूबाईंची दहा किलो बाजरी डिसेंबरात संपली. मग कळलं की थंडीत बडाबाजारातल्या मारवाडी दुकानांत बाजरी मिळते, किलोला आपल्यापेक्षा बरीच महाग. तेव्हा सामानात जागा असेल तर तुम्ही वीस किलो आणा.